पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी काय, मग काय

मंदी असो, पगारकपात असो, धंदा बसलेला असो की नुसती महागाई, घरात चणचण जाणवू लागली की डोक्यात पहिला प्रश्न येतो तो पैसे कुठून आणायचे हा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की हातात जे आहे ते कुठल्या क्रमाने खर्च करायचं? मिळकत एका रात्रीत वाढत नाही, पण क्रम आजच्या आज बदलता येतो. सारखीच मिळकत आणि सारखंच कर्ज असलेली दोन घरं वर्षभराने अगदी वेगळ्या अवस्थेत दिसतात, तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा या क्रमात असतं. एकाने आधी ओरडणाऱ्याचे पैसे दिलेले असतात, दुसऱ्याने आधी घर सांभाळलेलं असतं.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. विशेषतः कपातीची घाई करू नका, ती चौथी पायरी आहे.

पहिली पायरी: सगळं एकदा कागदावर

एक निवांत सकाळ काढा आणि घरातली दुसरी मोठी व्यक्ती बरोबर घ्या. बँकेच्या खात्याचा गेल्या तीन महिन्यांचा उतारा, पगाराचा कागद, कर्जाची पत्रं, विजेची आणि पाण्याची बिलं, विम्याचे कागद, मोबाइलवर येऊन पडलेले आणि न वाचलेले संदेश, सगळं समोर घ्या. न उघडलेली पाकिटं आधी उघडा. जे कळत नाही त्याची भीती कळलेल्या आकड्यापेक्षा नेहमी मोठी असते, आणि न वाचलेल्या पत्रातच अनेकदा एखादी मुदत दडलेली असते.

प्रत्येक देण्यासमोर पाच गोष्टी लिहा: कोणाचं, किती शिल्लक, व्याजाचा दर किती, दरमहा किती आणि कुठल्या तारखेला, आणि शेवटी, हे भरलं नाही तर काय होईल. तोंडी उसने घेतलेले पैसेही या यादीत येतात. तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर तेही लिहा, कारण मूळ कर्जदाराने हात वर केले तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

मिळकतीच्या बाजूला मात्र सरासरी लिहू नका. पगार ठरलेला असेल तर हातात पडणारी रक्कम लिहा. मिळकत कमी-जास्त होत असेल तर गेल्या बारा महिन्यांतला सर्वांत कमी महिना शोधा आणि तोच आकडा धरा. सरासरी धरून आखलेलं घर कमी मिळकतीच्या महिन्यांत उसनवारीवर जातं आणि बऱ्या महिन्यात ती उसनवारी फेडण्यातच बरेपण संपतं. कमी महिना धरला तर बऱ्या महिन्यात जे वर राहील ते खरोखर शिल्लक असतं.

या दिवशी काहीही कापू नका, कोणाला फोन करू नका. आणि कोणी काय उधळलं हा विषय मुळीच काढू नका. ज्या घरात पहिल्याच बैठकीत दोषारोप होतात, तिथे पुढच्या वेळी खरे आकडे बाहेर येत नाहीत.

दुसरी पायरी: महिना नव्हे, आठवडा बघा

पैसे महिनाभर सारखे कमी पडत नसतात. ते एका ठरावीक आठवड्यात कमी पडतात, आणि सगळे दंड त्याच आठवड्यात लागतात. एक साधं उदाहरण घ्या. मिळकत ४०,००० आणि एकूण खर्च ३९,०००, म्हणजे महिना जेमतेम का होईना, पार पडायला हवा. पण मिळकत ७ तारखेला येते आणि १२,००० चा हप्ता ३ तारखेला जातो. खात्यात त्या दिवशी ९,००० आहेत. हप्ता परत जातो, बँकेचा दंड लागतो, कर्ज देणाऱ्याचा वेगळा दंड लागतो, आणि ते भरायला कोणाकडून तरी हातउसने घेतले जातात. कागदावर पुरणारा महिना तारखांमुळे तुटतो.

म्हणून दिनदर्शिका घ्या. पैसे येण्याच्या तारखा एका रंगात, जाण्याच्या दुसऱ्या रंगात लिहा. प्रत्येक आठवड्याअखेर खात्यात किती उरेल ते बाजूला मांडा. जिथे आकडा शून्याखाली जातो तो तुमचा अवघड आठवडा. हप्त्याची किंवा बिलाची तारीख मिळकतीनंतर दोन-तीन दिवसांनी आणून मिळेल का, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त स्वतःहून कोणी ती देत नाही. आपोआप पैसे वळते होण्याची सोय असेल आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसणार हे आधीच कळलं असेल, तर तारखेच्या आधीच संबंधितांना कळवा.

याच दिनदर्शिकेत वर्षातून एकदा येणारे खर्चही भरा: विमा, शाळेची फी, कर, वाहनाची दुरुस्ती. हे खर्च अचानक आले असं वाटतं, पण त्यातले बहुतेक मागच्या वर्षी त्याच महिन्यात आलेले असतात. त्यांची बेरीज करा, बाराने भागा. तो आकडा तुमच्या महिन्याच्या खर्चात आजवर नव्हता, आणि दर वर्षी ठरावीक महिन्यांत घर का अडतं याचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं.

तिसरी पायरी: कोणाचे पैसे आधी

आता मुख्य काम. यादीतल्या प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: हे दिलं नाही तर काय होईल, आणि किती दिवसांत होईल? उत्तर जितकं गंभीर आणि जितकं जवळचं, तितका तो खर्च वर.

बहुतेक घरांत हा क्रम असा निघतो. सगळ्यांत वर साधं अन्न आणि रोजची औषधं. मग डोक्यावरचं छप्पर, म्हणजे भाडं किंवा घराचा हप्ता. मग वीज, पाणी, स्वयंपाकाचं इंधन. त्यानंतर मिळकत चालू ठेवणाऱ्या गोष्टी: कामावर जाण्याचा प्रवास, फोन, कामाची अवजारं. हा खर्च लोक चैनीच्या रकान्यात टाकतात आणि तिथेच फसतात. फोन बंद झाला आणि कामाचा निरोप पोचला नाही, तर वाचवलं त्याच्या कितीतरी पट जातं. यानंतर तारण दिलेली कर्जं, कारण ती थकली तर वस्तू जप्त होऊ शकते. कर आणि न्यायालयाने ठरवून दिलेली देणी यांच्याकडे काणाडोळा करू नका, त्यांचे परिणाम साध्या थकबाकीपेक्षा कडक असतात. आरोग्याचा विमाही याच सुमारास ठेवा. विनातारण कर्जं आणि कार्डांची थकबाकी यानंतर.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. दिवसातून अनेकदा फोन करणारा, घरी माणूस पाठवीन म्हणणारा, नातेवाइकांना कळवीन म्हणून धमकावणारा, हा बहुतेक वेळा विनातारण कर्जाचा वसुलीवाला असतो. त्याच्याकडे जप्त करायला काही नसतं, म्हणून आवाज मोठा असतो. घरमालक मात्र दोन महिने शांत राहतो आणि मग थेट घर सोडायची नोटीस देतो. आवाजाच्या क्रमाने पैसे दिले की घर जातं. हे कर्ज बुडवा असं मी मुळीच म्हणत नाही, ते फेडायचंच आहे. पण मुलांच्या अन्नाचे किंवा औषधाचे पैसे उचलून ते भागवायचं नाही.

मिळकतीचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के इच्छांना आणि २० टक्के बचतीला, हा हिशेब पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. ओढाताणीच्या काळात तो बाजूला ठेवा. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवून दिलं होतं की कुटुंबाची मिळकत जितकी कमी, तितका तिचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. मिळकत घटली की तुमच्या गरजा ७० किंवा ८० टक्क्यांवर जाणारच. तो तुमचा दोष नाही, ते साधं गणित आहे. टक्के जुळत नाहीत म्हणून खचू नका. क्रम जुळला म्हणजे पुरे.

चौथी पायरी: कपात, पण मोठ्या आकड्यांपासून

कपात म्हटलं की हात आधी छोट्या सुखांकडे जातो. त्यातून फार थोडं वाचतं आणि घरातलं वातावरण मात्र लगेच बिघडतं. उलट करा. खर्चाची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि पहिल्या चार-पाच ओळींवरच वेळ घालवा. भाडं, वाहन, हप्ते, फी, विमे. यातली एखादी ओळ दहा टक्क्यांनी जरी खाली आली तरी पुढच्या दहा ओळींना हात लावावा लागत नाही. दोन वाहनांपैकी एक विकता येईल का, भाड्याबद्दल घरमालकाशी बोलता येईल का, फी हप्त्यांनी भरता येईल का? हे प्रश्न अवघड आहेत, पण खरा फरक यांनीच पडतो.

मग दर महिन्याला गुपचूप जाणाऱ्या वर्गण्या बघा. खात्याच्या तीन महिन्यांच्या उताऱ्यात एकाच नावाने पुन्हापुन्हा जाणारी रक्कम दिसेल. ज्या आठवत नाहीत त्या त्याच दिवशी बंद करा.

बाजारात किंमतच तेवढी बघू नका, वजनही बघा. महागाईच्या काळात वस्तूची किंमत तीच ठेवून पाकीट लहान करण्याची रीत सगळीकडे दिसते. ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ४५० ग्रॅमचं झालं, तर ती ११ टक्क्यांहून जास्त दरवाढ आहे, आणि पाटीवर मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. शंभर ग्रॅमला किंवा एका लिटरला किती पडतात, हे बघायची सवय लावा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असंही नाही. आणि स्वस्त पडलं तरी निम्मं खराब होणार असेल, तर ते महागच.

वाया जाणारं अन्न हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरात घराघरांतून माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो अन्न वाया जातं. खरेदीला निघण्याआधी घरात काय आहे ते बघणं, आधी आणलेलं आधी वापरणं आणि दोन दिवसांचा बेत आधी ठरवणं, एवढ्यावर यातला बराच भाग वाचतो. उपाशी न राहता अन्नाचा खर्च कमी करण्याचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत चांगला मार्ग आहे.

विजेच्या बाबतीत उष्णता आणि थंडी निर्माण करणारी यंत्रं बघा, बाकी बाजूला ठेवा. १,००० वॅट एक तास चाललं की एक युनिट होतं. २,००० वॅटचा पाणी तापवणारा हीटर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट. मोबाइलचा चार्जर काढून ठेवण्यासाठी घरात वाद घालण्यात अर्थ नाही, पण वापर नसताना दिवसरात्र १० वॅट ओढत बसलेलं यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट खातं, ते मात्र बंद करावं. जुन्या तारेच्या दिव्याच्या जागी एलईडी लावला तर त्या दिव्याची वीज पाऊणपटीने वाचते. पाण्याचा नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल तर वर्षाला ११,००० लिटरच्या आसपास पाणी जातं. मीटरवर पाणी असेल तर चकती बदलण्याचा खर्च लगेच भरून निघतो.

काय कापू नये हेही तितकंच महत्त्वाचं. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधं एक दिवसाआड घेऊन पुरवू नयेत. आठवड्याचे जे वाचतात ते एका दिवसाच्या रुग्णालयात जातात, आणि माणसाच्या जिवाला धोका होतो तो वेगळाच. औषध परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक औषध पुष्कळदा मिळतं. आरोग्य विमा तोडू नका. मध्ये खंड पडला तर नव्याने घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी पुन्हा वाट बघावी लागू शकते. आणि मुलांचं शिक्षण चालू ठेवा. शाळा बदलावी लागली तर बदला, पण शिक्षण थांबवू नका.

पाचवी पायरी: कर्जाचं गणित नीट समजून घ्या

सगळ्यांत जास्त पैसा इथे गळतो आणि समज मात्र सगळ्यांत कमी असते, म्हणून इथे थोडं थांबू.

महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच न भरलेली रक्कम २४ महिन्यांत दुप्पट होते. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होईल याचा अंदाज येतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. कर्ज घेण्याआधी हा भागाकार करून बघायला एक मिनिट लागतं.

कार्डाच्या बिलावर जी किमान भरायची रक्कम छापलेली असते, तिच्यापासून सावध राहा. समजा १०,००० थकले आहेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा शिल्लक रकमेच्या ५ टक्के. नवीन काहीही खरेदी न करता तुम्ही दर महिन्याला इमानेइतबारे फक्त किमान रक्कम भरत गेलात, तर ३२ महिन्यांत तुमच्या हातून सुमारे १२,००० जातात आणि तरीही जवळजवळ ५,००० देणं उरतं. असं का होतं? शिल्लक जशी थोडी थोडी घटते, तशी किमान रक्कमही घटते, आणि फेडण्याचा वेग मंदावत जातो.

आता हेच दुसऱ्या रीतीने करा. पहिल्या महिन्यात किमान रक्कम ५१५ आली होती. ती दर महिन्याला कमी होऊ न देता ५१५ च भरत राहा. ३० महिन्यांत कर्ज पूर्ण संपतं. पहिल्या महिन्यापेक्षा एक पैसाही जास्त द्यावा लागला नाही, फक्त बिलावरचा घटता आकडा मानायचा नाही एवढंच केलं. ओढाताणीतल्या माणसाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी हा देईन.

व्याजदर सांगण्याच्या दोन पद्धती असतात, तिकडेही लक्ष द्या. १२ टक्के सरळ व्याज म्हणून वर्षाचं कर्ज दिलं आणि बारा समान हप्त्यांत फेडून घेतलं, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. कारण मुद्दल दर महिन्याला परत जात असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर घेतलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर दर किती, हे विचारा आणि लेखी घ्या.

अनेक कर्जं असतील तर आधी कुठलं फेडायचं? पुस्तकी उत्तर आहे जास्त व्याजाचं. एकूण व्याज त्यानेच सर्वांत कमी जातं, यात वाद नाही. पण महिना तुटत असताना मी वेगळं सांगेन. सगळ्यांचे किमान हप्ते देऊन जे थोडं वर राहतं, ते अशा कर्जावर टाका जे तेवढ्या पैशात लवकर संपेल आणि ज्याचा हप्ता दरमहा मोकळा होईल. एका कर्जाचे ६,००० उरले आहेत आणि हप्ता १,५०० चा आहे. दुसऱ्याचे ६०,००० उरले आहेत आणि हप्ता ३,००० चा. हातात आलेले ६,००० पहिल्यावर टाकले तर पुढच्या महिन्यापासून १,५०० मोकळे. दुसऱ्यावर टाकले तर पुढचा महिना होता तसाच. एकदा श्वास घ्यायला जागा झाली की मग जास्त व्याजाच्या कर्जाकडे वळा.

सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं घ्या, हप्ता कमी होईल, असा सल्लाही मिळेल. व्याजदर खरोखर कमी होत असेल तर तो चांगला आहे. पण बऱ्याचदा हप्ता कमी होतो तो मुदत वाढल्यामुळे. १,००,००० चं कर्ज १२ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडलं तर हप्ता ४,७०७ आणि एकूण व्याज १३,००० च्या जरा आत. तेच पाच वर्षांवर नेलं तर हप्ता २,२२४ आणि व्याज ३३,००० च्या वर. घर वाचवण्यासाठी ही किंमत कधी कधी द्यावी लागते. देताना ती किती आहे हे ठाऊक असावं, आणि मोकळी झालेली जुनी कार्डं पुन्हा वापरात येऊ नयेत.

सहावी पायरी: हप्ता चुकण्याआधी बोला

कर्ज देणाऱ्याशी बोलायला लोक फार उशिरा जातात. हप्ता चुकण्याआधी गेलेला माणूस अडचणीत असलेला ग्राहक असतो; तीन हप्ते चुकवून गेलेला थकबाकीदार. समोरच्याच्या हातात पहिल्यासाठी जास्त पर्याय असतात: मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज घेणं, हप्ते पुढे ढकलणं, दंड माफ करणं.

जाताना तुमचा आकडा ठरवून जा. "जमेल तसं देतो" हे वाक्य कोणालाच उपयोगाचं नसतं. असं सांगा: "माझी मिळकत मार्चपासून निम्मी झाली आहे. पुढचे चार महिने मी हप्त्याऐवजी दोन हजार देऊ शकतो, दहा तारखेला. त्यानंतर पुन्हा बसून ठरवू." सोबत मिळकत घटल्याचा कागद ठेवा. निभावणार नाही असं वचन दबावाखाली देऊ नका, कारण मोडलेल्या दुसऱ्या वचनानंतर तुमचं कोणी ऐकत नाही. जे ठरलं ते लेखी मागा. हप्ते पुढे ढकलले असतील तर त्या काळातलं व्याज चालू राहतं का, हे विचारल्याशिवाय उठू नका. बहुतेक वेळा ते चालू राहतं.

नातेवाईक आणि मित्रांच्या पैशांचंही असंच. परतीची तारीख, रक्कम, दोघांकडे एकेक कागद. जमणार नसेल तर त्या तारखेच्या आधी स्वतः फोन करा. लोक पैशाच्या विलंबाने दुरावतात त्यापेक्षा न उचललेल्या फोनने जास्त दुरावतात.

घरातल्या मुलांनाही सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतपत. त्यांना काहीतरी बिघडलंय हे कळतंच, आणि कोणी काही बोलत नसेल तर ती स्वतःलाच कारण समजू लागतात. "सध्या काही महिने आपण जपून खर्च करणार आहोत, घर आणि शाळा चालू राहणार आहे" एवढं पुरेसं आहे. मोठ्या मुलांकडून खर्च कमी करण्याच्या सूचना मागा. त्यांनी सुचवलेली कपात ती स्वतः पाळतात.

सातवी पायरी: कर्ज असतानाही थोडी गंगाजळी

तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, हा सल्ला योग्य आहे, पण आज तुम्हाला तो चिडवल्यासारखा वाटेल. आत्ता लक्ष्य लहान ठेवा: दोन आठवड्यांच्या अन्नाचा आणि प्रवासाचा खर्च. डोक्यावर कर्ज असतानाही एवढे पैसे वेगळे हवेत. ते नसतील तर गाडीचं चाक पंक्चर झालं किंवा मुलाला ताप आला की तोच खर्च पुन्हा महागड्या कार्डावर जातो आणि फेडलेलं कर्ज परत उभं राहतं. मिळकत आली की त्याच दिवशी, बाकी काही देण्याआधी, ठरलेली छोटी रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. उरेल ते टाकू म्हणाल तर उरणार नाही.

आठवी पायरी: मिळकत, मदत आणि फसवणूक

नोकरी गेली असेल तर पहिल्याच आठवड्यात अंतिम हिशेब, अनुभवाचा दाखला आणि नोकरीमार्फत मिळणारा विमा कुठल्या तारखेपर्यंत चालू आहे, हे तिन्ही लेखी घ्या. सरकारी मदतीसाठी पात्र असाल तर अर्ज आजच करा. ती मदत तुमच्याच करातून उभी राहते, तिच्यात कमीपणा नाही.

काही विकायचं झालं तर जे मिळकत देत नाही ते आधी विका. शिलाई यंत्र, संगणक, अवजारं, कामाला लागणारं वाहन शेवटपर्यंत राखा. निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेला हात लावण्याची वेळ सगळ्यात शेवटी यावी. आज काढलेले पैसे पुढच्या अनेक वर्षांच्या व्याजासकट जातात.

अडचणीतला माणूस शोधूनच फसवणारे येतात. कर्ज मिळण्याआधीच आपल्याकडून पैसे भरून घेणारा, पिन किंवा ओटीपी मागणारा, फोनमधले संपर्क आणि छायाचित्रं पाहण्याची परवानगी मागणारं कर्जाचं अ‍ॅप, घरबसल्या कामासाठी आधी शुल्क मागणारा, थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देणारा: यांच्याशी बोलणं तिथेच थांबवा. संपर्क मागणारी अ‍ॅप पुढे तेच संपर्क धमकावण्यासाठी वापरतात. असं काही घडलंच तर संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलिसांकडे तक्रार करा, आणि एक कर्ज फेडायला त्याच प्रकारचं दुसरं घेऊ नका.

डोकं ठिकाणावर ठेवण्याबद्दल

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची विचारक्षमता कापणीच्या आधी, म्हणजे हातात पैसे नसताना, आणि कापणीनंतर पैसे आल्यावर तपासली गेली. तीच माणसं, पण चणचणीच्या काळात त्यांचे गुण कमी आले. पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. यातून घ्यायचं ते इतकंच, की मोठे निर्णय रात्री, भांडणानंतर किंवा वसुलीच्या फोननंतर लगेच घेऊ नका. आठवड्यातला एक दिवस आणि एक तास पैशासाठी ठेवा. नवीन बिल आलं, की ते त्या तासाच्या फाइलीत. बाकीचे दिवस त्या विषयाला सुट्टी.

आणि कधी जगणंच नकोसं वाटू लागलं, आपण नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल असे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी एखाद्या माणसाला ते शब्दांत सांगा: घरातल्या कोणाला, डॉक्टरांना, मदतवाहिनीला. कर्ज हा एक करार असतो. त्याची मुदत वाढते, त्यावर तडजोड होते, अनेक देशांत न झेपणाऱ्या कर्जातून बाहेर पडण्याची कायदेशीर वाटही असते. घरातल्या कोणाचं बोलणं बंद झालंय, झोप उडालीय, वस्तू वाटून टाकणं सुरू झालंय असं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत.

हात पुन्हा सैल होऊ लागला की

पहिली पूर्ण मिळकत आली की बंद केलेले सगळे खर्च एकदम सुरू होतात, तेवढं टाळा. मधल्या काळात पुढे ढकललेलं आधी करा: दाताचा उपचार, गळकं छत, माणसांचे हातउसने. मग छोट्या गंगाजळीला एका महिन्याच्या खर्चापर्यंत न्या. बंद केलेल्या खर्चांपैकी कुठल्याची खरोखर आठवण झाली, हे घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि तेवढाच एकेक करून परत आणा.

जे कर्ज संपेल त्याचा थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या, तारण ठेवलेले मूळ कागद त्याच वेळी ताब्यात घ्या, आपोआप जाणारे हप्ते बँकेत बंद करून या. दोन-तीन महिन्यांनी आपली पतनोंद, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, काढून बघा. फेडलेलं कर्ज तिथे अजून चालू दिसत असेल तर दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.